कुंपणाच्या आतली फुलं

— नाही गं अंतरा, गाई कुठल्या आल्यात? एक शेपूटसुद्धा आत आलेलं नाही. मागच्या जूनमध्ये तुझ्या युनिव्हर्सिटीनं कुंपण घालून दिलं ना, तेव्हापासून मी राखणीला. शेजारच्या बिलीच्या गाई येतात तारेपर्यंत, की मी काठी घेऊन उभी. बिली म्हणतो, 'मिसेस डॉक, गाई ते झुडूप खातच नाहीत.' नसतील खात! अख्ख्या जगात म्हणे फक्त ह्या व्हॅलीत उगवतं हे. चाळीस वर्षं ह्यांनी इथल्या रँचवाल्यांची मोडकी हाडं जोडली, आणि रिटायर झाल्यावर जीव अडकला कशात — तर ह्या वीतभर झुडपात. आयसीयूत शेवटी मुलाचं नाव नाही, माझी चौकशी नाही. म्हणाले, 'कांचन, तेवढी झाडं सांभाळ.' राग आला मला. आला तर आला, खोटं कशाला बोलू? पण शब्द दिला ना.

शार्दूल फ्रीमाँटहून फोन करतो — आई, जागा विकून टाक, इकडे ये, ग्रोसरीला दीड तास ड्राइव्ह करतेस ह्या वयात. मी म्हटलं, बाबांची फुलं आहेत तोवर मी हलणार नाही. तर म्हणतो, 'अँड देन?' मग काय! मग बघू.

तू काय उकरत्येस? हं, यंदा जरा माना टाकल्यात त्यांनी. ऊन का कमी आहे इथे! म्हणून तर रोज — अगं, आंघोळ झाली की पहिला तांब्या तुळशीला, की लगेच इकडे. प्रत्येकाला एकेक. पारोशी कधी आले नाही, एक दिवस चुकवला नाही. बर्फ पडला तेव्हा पाणी कोमट करून घातलं, हसू नकोस. आणि चहाही इथेच घेते. घरात एकटीनं घ्यायचा, त्यापेक्षा ह्यांच्याशी बोलत — झाडांशी म्हणत्येय मी.

बघू? मूळ असं काळं का गं? बोटाला लागतंय, भिजल्या पोळीसारखं. पाणी कमी पडलं का? नाही, पण मग तारेबाहेरची बघ ना — तिकडे कुणी ढुंकून बघत नाही, पाण्याचा थेंब नाही, गाईंच्या पायाखाली असतात, आणि कशी फुललीयत मेली, पिवळी धम्मक...

अंतरा.

बोल ना काहीतरी.

नको. राहू दे, नको बोलूस. घरात शिरा करून ठेवलाय, तू हो पुढे. आणि हा तांब्या घेऊन जा.