सुभद्राचं बारावं पुस्तक

रेणुकाबाई : ...आन् थापड खाऊन ती हासली! माही सुभद्रा! त्र्याऐंशी सालापासून अकरा चित्रकथा काढल्या मी त्या पोरीच्या, एका पानावर कोनी तिच्या अंगाले बोट लावलं नाही. आन् ह्या पिच्चरवाल्यायनं तिच्या दौलतच्या हातून तिले थोबाडीत मारली, वरून हासवली. परवापासून तोंडाची चव गेली माह्या.

रुख्मिणी : आत्या, निळा रंग वाळून राह्यला.

रेणुकाबाई : वाळू दे. शाळेच्या पटांगणात सारं बेला गाव बसलं होतं. मथुराबाई तर नातवंडं घेऊन आल्ती, आपल्या ड्रॉइंगच्या बाईची गोष्ट पडद्यावर आली म्हणून. मी पुढं, नवं पातळ नेसून. 'कथा : रेणुकाबाई' असं नाव आलं तवा टाळ्या पडल्या. आन् मंग ते! गालावर चुन्यासारखी पावडर थापलेली पोरगी, आन् तिच्या ओल्या पाठीवर कॅमेरा असा फिरून राह्यला जशी गुळावर माशी. शी!

रुख्मिणी : पोरायले आवडला.

रेणुकाबाई : त्याचीच तर किळस. अगं, चवथं पुस्तक येईपर्यंत दौलतले तिचं नाव घेता येत नाही. कापूस वेचताना दोघायचे तास, म्हंजे झाडाच्या ओळी, शेजारी. तिचा तास मागं राह्यला का हा हळूच तिकडं वाकून तिच्या झाडाचे चार बोंडं वेचून ठेवे, म्हंजे वावराच्या कडेले, धुऱ्यावर, दोघं संगंच पोचतील. तिले कळे, पन ती बोलत नसे. एवढंच त्यायचं प्रेम. तेवढं काढाले मले सात पानं लागले. बाया मले थांबवून विचारत, बाई, तुमी आमच्या वावरात कवा लपून बसल्या होत्या?

रुख्मिणी : आज मी रंग नाही भरत, आत्या. घरी जाऊ का?

रेणुकाबाई : काऊन? आन् पदर काऊन धरला तोंडाशी? दाढ दुखते? इकडं पाह्य.

रुख्मिणी : काही नाही.

रेणुकाबाई : बोटं उमटले हायेत गालावर. बापानं मारलं?

रुख्मिणी : बाबानं कवा मारलं मले? बोरिंगवर. उद्धवरावचा मधला पोरगा. मी घागर भरून राह्यली होती. आला, मारली, आन् म्हने, "हास आता. सुभद्रा नाही का हासली."

रेणुकाबाई : उठ. चल उद्धवरावच्या दारी.

रुख्मिणी : नको.

रेणुकाबाई : नको काय? बोरिंगवर कोनी बाईमानूस नव्हतं?

रुख्मिणी : होतं ना. विठाबाई होती, अजून तिघी-चौघी. त्या हासल्या.

रेणुकाबाई : आन् तू?

रुख्मिणी : जाऊ दे ना आत्या.

रेणुकाबाई : रुख्मे, तू काय केलं?

रुख्मिणी : मी बी हासली.

रेणुकाबाई : हासली?

रुख्मिणी : सारे माह्याकडंच पाहून राह्यले होते. हासली नसती तर रडली असती. असं झाल्यावर काय कराचं असते, मले काय माहीत? पिच्चरात तेवढंच दाखवलं.

रेणुकाबाई : आन् त्या पिच्चरावर नाव माहं.

(बाहेर मोटारसायकल थांबते. सुधाकरराव पेढ्यांचा पुडा घेऊन ओसरीवर येतात.)

सुधाकरराव : नमस्ते, बाई! काय पब्लिक होती परवा! मावल्यातून मागणी, जैनथहून मागणी, माझ्या दुकानात कॅसेट उरली नाही. घ्या, तोंड गोड करा.

रेणुकाबाई : रुख्मे, हे सुधाकरराव. आदिलाबादले कॅसेटचं दुकान चालवतात, आन् दुसऱ्यायच्या गोष्टीचे पिच्चर काढतात. दोन काढले. पहिल्यात सुभद्राले नाचवली, दुसऱ्यात मारली.

सुधाकरराव : आणि तिसऱ्यात लग्न लावतो! केबलवर सिरीयल, तेरा हप्ते. सगळे विचारतात, त्या दोघांचं पुढं काय होतं? म्हणून आलो. ते बारावं पुस्तक तेवढं द्या. शेवट पाहिजे.

रेणुकाबाई : थापड कोनत्या पुस्तकात हाये? पान सांगा.

सुधाकरराव : आता बघा बाई, चित्रापाशी माणूस थांबतो. पडद्यावर दोघं नुसते कापूस वेचतायत, वेचतायत... लोक चहाला उठून जातात. काहीतरी घडावं लागतं.

रेणुकाबाई : एक मानूस दुसऱ्याचं ओझं गुपचूप हलकं करते, हे घडनं नाही?

सुधाकरराव : नुसती एक थापड आहे हो. तीही प्रेमाची.

रेणुकाबाई : रुख्मे, गाल दाखव साहेबाले.

रुख्मिणी : आत्या...

रेणुकाबाई : बरं, नको दाखवू. चुकलं माहं. मीच सांगते. आज सकाळी तुमची प्रेमाची थापड आमच्या बोरिंगवर आलती, सुधाकरराव. ह्या पोरीच्या गालावर. सोळा वर्षाची हाये.

सुधाकरराव : अरेरे. बहुत बुरा झालं. पण मी काय त्या पोराला सांगितलं, जा आणि मार म्हणून?

रेणुकाबाई : सांगतलं नाही, दाखवलं. एवढं मोठं करून, दोन-दोनदा, ढोल वाजवून. हे तुमचे पेढे. उचला ते आधी.

सुधाकरराव : ठीक. मग कायद्याचंच बोलू. स्टँप पेपरवर सही आहे तुमची. छापलेली अकराच्या अकरा पुस्तकं, वाटेल तसं चित्रण करायला मोकळीक.

रेणुकाबाई : तो कागद तेलुगूत होता.

सुधाकरराव : आदिलाबादला कागद तेलुगूतच होतो, बाई.

रेणुकाबाई : मी तेलुगू बोलते. बाजारात भांडते बी. वाचता कुठं येते? माह्या बापानं निजामाच्या काळी उर्दू कागदावर आंगठा देला, मी तेलुगूवर मराठीत सही ठोकली. आमाले आमच्या लिपीत कागद कवा भेटलाच नाही, म्हणून न वाचता सही कराची सवय पडली. तरी मी विचारलं होतं तुमाले, काय लिवलं? तुमी म्हनले, एका पिच्चरची परवानगी.

सुधाकरराव : घाईत म्हटलं असेन.

रेणुकाबाई : मी शिकलेली बाई. शाळेत पोरायले सांगते, वाचल्याबिगर सही करू नका. तुमचा राग येते, पन माही जास्त शिसारी येते मले.

सुधाकरराव : मनाला लावून घेऊ नका. पण एक सांगतो, बारावं दिलं नाही तरी सिरीयल थांबत नाही. शेवट मी करीन. हार घालीन, अक्षता टाकीन, पब्लिक खूश.

रेणुकाबाई : करा. बारावं माह्या कपाटात हाये, त्यावर तुमचा कागद चालत नाही. जैनथच्या जत्रेआधी मी छापते.

सुधाकरराव : पुस्तकं किती जण वाचतात आता? एका कॅसेटपुढं अख्खं गाव बसतं.

रेणुकाबाई : माहीत हाये. मी बी बसली होती.

सुधाकरराव : विचार करा, बाई. येतो मी. पेढे राहू द्या पोरीला.

रेणुकाबाई : पोरीलेच नको.

रुख्मिणी : गेला. आत्या, तू बाराव्याचे शेवटचे पानं काऊन फाडून राह्यली? अय! किती दिवस लागले होते त्याले!

रेणुकाबाई : ते आता खोटं हाये. ह्या पानावर दोघं संगं धुऱ्यावर पोचतात. पन लोकायच्या डोळ्यात आता तो पिच्चरवाला दौलत बसला. त्यानं तिले मारलंच नाही असं मी दाखवलं, तर ती थापड तशीच राहीन, हासण्यासकट. कोरा कागद दे. बोरिंग काढते, घागर काढते. तुहं तोंड नाही काढत, भिऊ नको. सुभद्राचंच काढते.

रुख्मिणी : आन् बाया?

रेणुकाबाई : बाया बी. जशा हासल्या तशा. विठाबाई तर हुबेहूब.

रुख्मिणी : तिचे पुढचे दात काढजो.

रेणुकाबाई : काढते ना! दोन्ही. हं, मारली दौलतनं. आता ही सुभद्रा. तिच्या तोंडाशी बोलाचा फुगा ठेवला मी, मोठा. काय लिवू त्यात? असं पाह्यजे का मारणाऱ्यानं जलमभर मान वर करू नये. "तुह्या मायनं तुले..." नाही, मायले काऊन मधात आणाचं? तू सांग. तू होती ना तिथं.

रुख्मिणी : काही नको लिवू.

रेणुकाबाई : काहीच नाही? मंग लोकं म्हनतीन, ह्या बी वेळेस चूप बसली.

रुख्मिणी : म्हनू दे. फुगा खोड. हासत बी नाही ती, बोलत बी नाही. घागर उचलू दे तिले, आत्या. घरी जाऊ दे.