मागच्या पडवीतली नमाज

—नाही व रुखमाबाई, उठू नको, बस तू पोत्यावरच. तुले शिवत नाही मी. हा लोटा माह्याच घरचा हाये, अन् काखेत ही चटई. बांगेची वाट पाहून राह्यली मी, असरच्या—उन्हं कलल्यावरच्या नमाजच्या. तुही सासू वावरातून दिवेलागणीले येईल ना? मंग झालं. तवरक मी जातेच.

काऊन आली म्हनतं? सांगते. तुह्या सासूनं, अन्नपूर्णाबाईनं, मले कधी ओट्यावर चढू देलं नाही—सोवळ्याची बाई हाये ते, माहं काही म्हननं नाही—पन ही पडवी तं विटाळाचीच, इथं माह्यानं काय बाटनार? तू बाजूले बसली का तुमचा गडीमानूसबी इकडे फिरकत नाही. अशी जागा माह्या घरी नाही. आमच्यात बाजूले बसनं नसते ना—सैपाक करा, पानी भरा, लेकरं पाहा, सारं करा—निस्ती नमाज नाही, रोजा नाही, अन् नवऱ्यानं जवळ यायचं नाही. दिवस सरले का आंघोळ करा, मंग सगळं चालू. नमाजबी अन् नवराबी.

ऐकू येते का? तांत वाजून राह्यली. माह्या नूरीचा बाप गादीचा कापूस पिंजून राह्यला. तांत वाजते तवरक त्याचं ध्यान कामात असते. वाईट नाही हो मानूस. मोताळ्याच्या बाजारातून माह्यासाठी गूळ आनते, खजूर आनते—रगत भरून निघते म्हने. मारत नाही. तसं काहीच नाही.

मांगचं लेकरू पोटातच गेलं, तुले ठाऊकच हाये, तूच तं शेक देला होता मले. तवापासून माहं अंगावरचं जानं थांबलंच नाही. कधी चार रोज बंद, कधी पुन्हा सुरू, त्याले ना नेम ना काही. दवाखान्यातली नर्सबाई दारात उभी राहून म्हने, आता पोट राह्यलं तं ही बाई वाचत नाही. त्याच्या म्होरंच म्हने. अन् तो काय म्हने? म्हने देनारा वरचा हाये, आपन कोन? मंग मी सांगून टाकलं—महिन्याचंच हाये हे, लांबलं. मी नापाक हावो, जवळ येऊ नका. तो मांगं सरला. नेमाचा पक्का हाये तो. पन मंग मले नमाजबी सोडा लागली ना. त्याच्या समोर चटई टाकली असती तं त्याले कळलं नसतं का?

आज तो मोताळ्याहून आला ते हसतच आला. मौलवीसाबले इचारलं म्हने. आधी नमाजचं इचारलं, म्हंजे लाज राह्यते, मंग दुसरं. मौलवीसाब म्हने, नेमाचे जेवढे दिवस असतील तेवढेच नापाक, त्याच्यावर वाह्यलं ते दुखनं. आंघोळ करायची, कपडा बांधायचा, हर वख्ताले हातपाय-तोंड धुऊन नवा वजू करायचा अन् नमाज पढायची. अन् नवऱ्यालेबी मनाई नाही. मौलवीसाबचं काही चुकलं नाही. पन नर्सबाई काय म्हने ते यानं त्याईले सांगितलंच नाही. आपल्याले पाहिजे तेवढंच इचारलं, तेवढाच जवाब आला. मी जाऊन इचारू? मी कशी इचारू, बाईमानूस, असलं?

तसं मले नवं काही नव्हतं त्याच्यात. माही माय गावच्या पोरीले नमाज शिकवे. ते सांगे—नेमाच्या वर गेलं ते शिरेचं रगत समजा, याच्यानं नमाज माफ होत नाही. न्हानपनापासून ठाऊक हाये मले. ठाऊक असून—

जाऊ दे. सोडली ते सोडली. सुटलेली नमाज भरून काढा लागंल सारी, एक एक करून.

रडत नाही मी. काय रडू? भूक लागत नाही, झोप येत नाही, लेकरू भुकेलं तं हात आपसूक भाकर थापतात. रात्री मी त्यानं भरलेल्या गादीसारखी पडून राह्यते, त्याले वाटते झोपली. भीती वाटते व मले. मरायची वाटते. नूरी अजून न्हान हाये. निस्ती बांग झाली का पाय चटईकडे निघतात माहे, अन् मी चुलीपाशी बसून राह्यते, पाय धरून.

आज त्याले म्हटलं, खरं हाये मौलवीसाबचं, पन माहे नेमाचे दिवस आजच लागले. खोटं बोलली. त्याचं तोंड उतरलं, पन गेला उठून, तांत घेतली. आता नेमाचे दिवस म्हटल्यावर घरात नमाज कशी पढू? अन् न पढता राहू तं कशी राहू, आता तं कोनी नाहीबी म्हनत नाही. म्हनून तुही पडवी. एवढी चटई मावली तं बस झालं मले. दिवस सरल्यावर काय? ते नको इचारू. मले नाही ठाऊक.

—झाली बांग. थांब, वजू करू दे. माह्या दुखन्यात वख्त लागल्यावरच करा लागते, म्हनून तं इतकी बडबडली तुह्यापाशी. तू कोनाले सांगनार नाही. नाही ना? मान हालव निस्ती. हं.

मावळतीकडे भिंत हाये तुही, नमाजले तिकडेच तोंड करा लागते, चांगलं झालं.

तांत थांबली का व? थांबली. आता पानी मांगंल तो, ‘जैतून’ म्हनून हाका मारंल. मारू दे. तू काही बोलू नको. अन् मी उभी राह्यली का मलेबी बोलता येत नाही—नमाजात कोनालेच जवाब देत नसतात, रुखमाबाई. नवऱ्यालेबी नाही.