कोपऱ्याचा हात

आमचं गाव वाळव्याकडं, कृष्णाकाठी. मी कबड्डीत डाव्या कोपऱ्याला खेळायचो, आणि काय सांगू ताई तुमास्नी, कोपऱ्याचा गडी शेजारच्याचा हात धरूनच उभा असतो, साखळी म्हणत्यात तिला, मंग चढाईवाला आत आला की दोघांनी मिळून त्याला धरायचं. अर्धं तरुणपण त्यात गेलं. राहिलेल्यात एक्स-रे टेक्निशियन झालो आणि तिथली लढाई संपल्यावर चारेक वर्षांनी कुवेतला आलो. फरवानियात खोली, दवाखान्यात ड्युटी.

तिथंच डेव्ह आला, तेल कंपनीतला अमेरिकन इंजिनियर, बोट मोडून. कशानं मोडलं, तर त्यांच्या फुटबॉलनं, हातात घेऊन पळत्यात तो. मी म्हटलं, मी बी खेळाडू हाय. म्हणाला, मंग शुक्रवारी सकाळी ये, एक माणूस कमी हाय.

हिवाळ्यात तिथं धुकं पडतं, खोटं वाटंल तुमास्नी, पण वाळवंटात धुकं. मैदान नुसतं पांढरं, माणसं कमरेच्या वरच तेवढी दिसायची, झोपेतच खेळतोय असं वाटायचं मला. पाडापाडी न्हाई, कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. माझं काम बचावाचं. कधी चेंडू फेकणाऱ्यावर सरळ धावून जायचं, ब्लिट्झ म्हणत्यात त्याला, कधी मागं सरून जागा राखायची. पण दोन्ही टायमाला उभं राहणं एकच, नजर एकच. काय करणार ते फेकणाऱ्याला आधी कळता कामा नये.

त्याला कळायचं. तीन शुक्रवार तेच, मी धावून गेलो की चेंडू लगेच माझ्या मागं मोकळ्या झालेल्या जागेत. डेव्ह माझ्या शेजारीच उभा असायचा, त्यालाच उमगलं. म्हणाला, मोहन, धावायचं असलं की तू माझा हात धरायला बघतोस. लाज वाटली बगा. इतक्या वर्षांची सवय, अंग पुढं निघालं की हात साखळी शोधणार. म्हणाला, आज परत कळलं तर पुढच्या वेळी दुसरा माणूस घेतो, वाईट वाटून घेऊ नको. मला वाटलंच वाईट. आठवडाभर मी यंत्राजवळचं यंत्र, शुक्रवारचे दोन तास तेवढा माणूस.

शेवटच्या डावाला मी हात मुद्दाम डेव्हकडं केला. फेकणाऱ्यानं बघितला, आणि मी मागं सरलो. चेंडू धुक्यातनं सावकाश, अगदी सावकाश आला आणि माझ्या छातीशी येऊन बसला. मंग डेव्ह म्हणाला, पुढच्या शुक्रवारी तू आल्याबिगर सुरू करणार न्हाई.

आणि पुढच्या शुक्रवारी नेमकी माझी बस चुकली. अर्धा तास उशीर. मनात म्हटलं, घेतला असंल दुसरा. जाऊन बघतो तर सगळी उभी, चेंडू खाली ठेवून, गप्पा मारत.

आता ती माणसं आपापल्या देशाला गेली. माझा गुडघा गेला. मी कुवेतातच हवल्लीत राहायला आलो, पोरगी माझ्याशी इंग्रजीत बोलती. दवाखान्यात मी रजेवर असलो की दुसरा उभा राहतो, काम अडत न्हाई, आणि ते तसंच पायजे. ती माणसं मात्र माझ्यासाठी अर्धा तास थांबली होती. सुखी असू देत, जिथं असतील तिथं.