एका जबड्यावरून

नाशिक, १९७९. सरकारी दवाखान्याच्या बाकावर एक मास्तर आणि त्यांची भावजय. तिचा नवरा बेपत्ता. इगतपुरीच्या दरीत सापडलेला जबडा पोलिसांनी नुकताच दाखवलाय.

"दादाच आहे, वहिनी. पुढचा दात तुटलेला."

"दात निम्म्या गावाचे तुटलेत, भाऊजी."

"शास्त्रज्ञ जबड्यावरून लाखो वर्षांपूर्वीचा माणूस ठरवतात. मीच शिकवतो. अख्ख्या सांगाड्यासाठी थांबले असते, तर उत्क्रांती कळलीच नसती."

"अन् चुकलं तर?"

"नवा पुरावा मिळाला की पुस्तक बदलतात."

"मी कुंकू पुसल्यावर हे दारात उभे राहिले, तर काय बदलू?"

"आई रोज त्याचं ताट वाढते, वहिनी. तिला रडू तरी दे."

"सांगा आईंना, हे सापडले म्हणून. रडू द्या. मी कुंकू लावूनच बसंन त्यांच्याशेजारी."