चुलूतला जायची गाडी

…आणि वर लोक मलाच म्हणतात, गुरुजी, एक जुनी गाडी घ्यायची, त्यात एवढा विचार कसला? तुम्हाला सांगतो, असं म्हणणाऱ्याला एकदा उलानबातरच्या गाड्यांच्या बाजारात, नाकातले केस गोठतात अशा थंडीत, एका बाजूला हायब्रिड आणि दुसऱ्या बाजूला डिझेल, अशा दोन गाड्यांच्या मधोमध उभं करायला पाहिजे, म्हणजे कळेल विचार कसला ते. मी उभा राहिलोय. पानं पिवळी पडायला लागली तेव्हापासून दर रविवारी उभा राहिलोय. बाजारातले कुत्रेसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत, त्यांना वाटतं हा इथलाच.

त्यात माझं शिक्षण आडवं येतं. सगळा जन्म गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करण्यात गेला, इर्कुत्स्कला शिकलो, जाडजूड प्रबंध लिहिला, लोक अजून रस्त्यात थांबवून गुरुजी म्हणतात, आणि या सगळ्या विद्येचा उपयोग काय, तर कुठल्या थंडीत काय गोठतं एवढं मला नेमकं कळतं. डिझेल तुपासारखं केव्हा थिजतं ते कळतं, बॅटरी केव्हा मान टाकते ते कळतं. ज्याला हे कळत नाही तो सुखाने गाडी घेतो आणि सुखाने बंद पडतो. मला बंद पडायच्या आधीपासूनच त्रास सुरू होतो.

आणि गाडी हवी कशाला? हौस म्हणून नाही हो. बायकोची थोरली बहीण आहे, यांजिवताई, ती लांब अरखांगाई प्रांतात चुलूतला असते, नदीच्या वरच्या अंगाला, तंबू ठोकून, चार याक आणि एक चिडकी शेळी घेऊन. माझ्या नोर्जमाला तिनेच वाढवलं, आई म्हणून जी काय होती ती हीच. आता त्सागान सारला, म्हणजे नववर्षाला, धाकट्यांनी थोरल्यांच्या दारी जायचं, त्यांच्या हातांखाली आपले हात धरून आधार द्यायचा, गालाला गाल लावायचा. थोरल्यांनी धाकट्यांकडे यायचं नसतं. आम्ही गेल्या वर्षी गेलो नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. का? तर जुनी रशियन गाडी मेली होती आणि नवी कुठली घ्यायची ते माझं ठरत नव्हतं. बसने जा म्हणाल, तर बस जिल्ह्याच्या गावात सोडते, पुढे बर्फातून ताईच्या तंबूपर्यंत काय सरपटत जायचं?

मग या शरदात ताईचा फोन आला. काचबिंदू. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यातही धुकं उतरलंय, आणि डॉक्टर म्हणतात ते आता मागे फिरायचं नाही. नोर्जमाला म्हणाली, "तुझं तोंड दिसतंय तोवर ये, बाई. नंतर आलीस तर शेळीत आणि तुझ्यात फरक कसा करू?" दोघी खूप हसल्या. मग नोर्जमाने फोन खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

तेव्हापासून जो तो सल्ला देतोय. आमचे जावई तुमेनबायर, बँकेत आहेत, त्यांना कशातही शंका म्हणून येत नाही. ते म्हणाले, बाबा, हायब्रिड, अख्खं शहर तीच चालवतंय, पेट्रोल नुसतं हुंगते, सकाळी बटण दाबलं की हूं नाही चूं नाही, चालू. मी म्हटलं, अहो पण ती जपानात एवढी वर्षं राबून इथे आलेली, बॅटरीचं काय? तर म्हणाले, बाबा, जपानात गाडी राबत नाही, फिरते. हे मला पटलं. खरंच पटलं, मी दोन दिवस बरा झोपलो. पण दुसरी बाजू आहेच ना!

दुसरी बाजू आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सांबू. जन्मभर मालट्रक चालवला, आता स्वतःची डिझेल जीप आहे, आणि माणूस चुलूतच्याच बाजूचा. तो म्हणाला, "गुरुजी, ती गाडी नाही, इस्त्री आहे. बर्फावर ठेवली की बसली. तुम्ही डिझेल घ्या. डिझेल म्हणजे याक. उठायला वेळ लावतो, पण उठला की डोंगर चढतो." मी विचारलं, आणि उठलाच नाही तर? तो म्हणाला, खाली निखारे ठेवायचे. मी म्हटलं, खाली म्हणजे? इंधनाच्या टाकीच्या खाली? निखारे? तर शांतपणे म्हणतो, "आपण जरा लांब उभं राहायचं, गुरुजी."

आता सांगा! म्हणजे एका गाडीत बसून अडकायचं आणि दुसरीपासून लांब उभं राहायचं. आणि तरी, खरं सांगतो, सांबूचंही मला पटलं. माझं हेच दुखणं आहे, मला समोरच्याचं पटतं. प्रबंधाच्या वेळी परीक्षकांनी माझ्यावर घेतलेले आक्षेपसुद्धा मला पटले होते, तेच वैतागून म्हणाले, अहो, तुम्ही तुमची बाजू मांडायची असते.

शेवटी काय केलं, कोणाला सांगू नका, मी लामाकडे गेलो. मी! विज्ञान शिकलेला माणूस, कानटोपी नाकापर्यंत ओढून, विद्यार्थी कोणी दिसू नये म्हणून मागच्या फाटकाने गेलो. लामाने जन्मवर्ष विचारलं, पोथी उलटली, बराच वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि म्हणाला, तुम्हाला पांढरी गाडी लाभेल. मी म्हटलं, महाराज, दोन्ही पांढऱ्याच आहेत. त्याने पोथी गुंडाळली आणि म्हणाला, मग पुढचं तुम्ही बघा, तुम्ही शिकलेले आहात.

तर असं करत करत हिवाळा मध्यावर आला. नववर्ष तोंडावर. घरात नोर्जमा बूझ, म्हणजे मांस भरून उकडायचे मोदक, करायला लागली, पाहुण्यांसाठी शेकड्याने करून सज्ज्यात गोठवून ठेवतात तसे, आणि एक पिशवी वेगळी बांधली, ती ताईची. मी ती पिशवी बघितली की दुसऱ्या खोलीत जायचो.

आणि मग तो रविवार. नोर्जमा बरोबर होती, सांबू बरोबर होता. ज्या बाईंची हायब्रिड होती त्या ओयुनगेरेलबाई, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेल्या, मला बघून त्यांनी आता नमस्कार करणंसुद्धा सोडलं होतं, नुसती किल्ली पुढे करायच्या. मी म्हटलं, बाई, अगदी शेवटची एक फेरी, बाजाराला वळसा घालून येतो, मग समोरची डिझेल परत एकदा बघतो आणि मग आज सांगूनच टाकतो. त्या म्हणाल्या, घाला, गुरुजी, वळसा घाला. मी बसलो. बटण दाबलं. आतून एक जपानी बाई फार अदबीने काहीतरी म्हणाली. पडद्यावर नकाशा उमटला, त्यात आम्ही कुठल्याशा समुद्रात होतो. मी गाडी हलवली, जेमतेम तिच्याच लांबीएवढी पुढे गेली असेल, आणि आरशात बघतो तर काय, नोर्जमा मागे उभी, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात देवाला दूध वाहायची लाकडी पळी, नऊ खळग्यांची, आणि दूध शिंपडतेय. चाकांवर शिंपडलं, मागच्या काचेवर शिंपडलं, मग आकाशाकडे थोडं उडवलं. अगदी शांतपणे, जसं घरून कोणी लांबच्या वाटेला निघालं की शिंपडतात तसं.

मी ब्रेक दाबला. उतरलो. दूध चाकावर पडता पडता गोठलं होतं, पांढरे थेंब चिकटून बसले होते. आजूबाजूचे विक्रेते गोळा झाले, टोप्या सारख्या करून उभे राहिले, कारण दूध म्हणजे दूध.

ओयुनगेरेलबाई म्हणाल्या, "अभिनंदन, गुरुजी. वाट दुधासारखी पांढरी, शुभ होवो."

मी म्हटलं, अहो नाही, थांबा, हिचं चुकून झालं, सवयीने झालं, मी तर फक्त वळसा घालणार होतो. तर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्या बाईने तुमच्या नावाने दूध वाहिलेली गाडी मी आता दुसऱ्या कोणाला देऊ? आणि घेईल कोण?" मी सांबूकडे बघितलं, म्हटलं हा तरी माझ्या बाजूने बोलेल, डिझेलवाला माणूस आहे. सांबूने टोपी काढली होती. म्हणाला, इस्त्री तर इस्त्री, गुरुजी, आता ती तुमच्या घरची झाली. आणि हेही मला पटलं!

घरी आल्यावर मी नोर्जमाला विचारलं. ती पीठ मळत होती. म्हटलं, ती पळी बाजारात कशी आली?

"पिशवीत होती."

पिशवीत कशी आली?

"मी ठेवते. शरदापासून दर रविवारी ठेवते. तुमचं ठरलं की लगेच शिंपडता यावं म्हणून." मग हाताचं पीठ खरवडलं आणि म्हणाली, "आज दूध बाटलीतच गोठायला लागलं होतं."

दूध केव्हा गोठतं हे मला पक्कं माहीत आहे, त्यावर मी काय बोलणार? तरी न राहवून विचारलंच, मग डिझेलवर का नाही शिंपडलंस? तर म्हणाली, "ही जवळ उभी होती."

शरदापासून मी जे तोललं, मोजलं, पारखलं, ते सगळं एकीकडे, आणि ही जवळ उभी होती! बरं, जावई म्हणाले छान झालं. मला छान वाटेना. पण दुसरी बाजू आहेच ना, म्हटलं निघतो तर आहोत.

निघालो सांबूच्या जोडीने, तो त्याच्या भावाकडे चालला होता. ते निघणंही माझ्यामुळे उशिरा, बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या घ्याव्यात की नाही यात सकाळ गेली, आणि जुन्या वर्षाची शेवटची रात्र, जेव्हा माणसाने आपल्या घरी पोटभर जेवायचं असतं, ती आम्ही वाटेत खारखोरिनला सांबूच्या पुतण्याकडे घालवली. जाताना खिंडी-खिंडीत देवाच्या म्हणून रचलेल्या दगडांच्या राशीला भोंगा वाजवायचा, तो आमच्या गाडीचा भोंगा इतका मवाळ की सांबू म्हणाला, देवाला वाटेल कोणी शिंकलं. आणि ती आतली जपानी बाई दर वळणावर काहीतरी सुचवायची, तिच्या मते आम्ही अजून समुद्रातच होतो, आणि नोर्जमा तिला प्रत्येक वेळी म्हणायची, "हो गं बाई, पोचतोय."

सकाळी काय झालं असेल? आमची बटण दाबल्याबरोबर चालू. सांबूचा याक उठेना. थिजला. निखारे आले, टाकीखाली सरकवले, आम्ही सगळे लांब उभे राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला एवढं समाधान वाटलं, की वाटलं चला, प्रश्न सुटला, हायब्रिडच बरोबर. मी सांबूला तसं सुचवलंसुद्धा, जरा आढेवेढे घेत. तो निखारे सारखे करत राहिला. मग दुपारी चुलूतच्या खोऱ्यात उतरलो आणि बर्फाच्या पहिल्याच ढिगावर आमची गाडी पोट टेकून बसली, चारी चाकं हवेत गरगर, आणि सांबूने दोर लावून ओढून काढली. दोर सोडताना म्हणाला, "काय गुरुजी?" बस, एवढंच. म्हणजे हिशेब पुन्हा बरोबरीत! एवढा प्रवास करून, एवढं सगळं सोसून, निष्कर्ष काहीच नाही!

पण पोचलो. यांजिवताई तंबूच्या दारात बसली होती, नवा निळा अंगरखा, हातांवर मानाचं निळं रेशमी वस्त्र धरून, आवाजाच्या दिशेला तोंड करून. नोर्जमा गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. ताईचे हात आपल्या हातांवर घेतले. ताईने तिला उजेडाकडे वळवलं, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ ओढलं, आणि बघत राहिली. मी साखळ्या सोडायला खाली वाकलो. साखळ्या लावल्याच नव्हत्या, तरी वाकलो.

मग ताई म्हणाली, "जाड झालीस." आणि थोड्या वेळाने, "की मलाच सगळं जाड दिसतंय?"

नोर्जमा म्हणाली, जाडच झालेय, ताई.

नंतर आत चहा झाला, बूझ उकडले, शेळीने दारातून डोकं घालून बघितलं, आणि ताईने मला विचारलं, भावोजी, आलात कशात? आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे! मी सांगायला लागलो. म्हटलं ताई, हायब्रिड म्हणतात हिला, आत दोन यंत्रं असतात, एक पेट्रोलचं, एक विजेचं, कधी हे चालतं, कधी ते, कधी दोन्ही, आणि कोणतं केव्हा ते गाडी आपलं दर घडीला ठरवत असते, बदलत असते, पुन्हा ठरवत असते.

ताईने बूझ चावला, रस चोखून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे हिचंही ठरत नाही."

म्हटलं, नाही.

"पण ठरेपर्यंत थांबून राहत नाही."

म्हटलं, नाही, ताई. चालत असते.

"मग शिका काहीतरी तिच्याकडून. एवढे शिकलात, अजून थोडं."

तुम्हाला सांगतो, याला उत्तर होतं माझ्याकडे. म्हणजे एक बाजू होती, आणि दुसरीही होतीच, दोन्ही नीट मांडायला हव्या होत्या. पण कुठली आधी मांडावी हे ठरवेपर्यंत त्यांचा विषय घोड्यांवर गेला होता.