मेंदूच्या गोळ्या घ्यायले गेलतो तेव्हा

मेंदूच्या गोळ्यांचं नाव काढलं म्हणून सांगतो, मी बी एकदा त्या घ्यायले गेलतो. कापसाचे ते वाईट वर्षं होते. राळेगावची आमची कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल बंदच राहे अन् मी तिथला फिटर, रिकामा होतो. बायको म्हणे, "तुमाले सांगतलेलं ध्यानातच राहत नाही." मलेही भ्याव वाटे. तेवढ्यात समजलं, यवतमाळले एक डॉक्टरीणबाई धडधाकट माणसायवर स्मरणशक्तीच्या गोळ्या तपासून राह्यल्या. गेलो.

बाईनं आधी दहा शब्द वाचून दाखवले. "आता परत सांगा, काका." मले तीनच सांगता आले. मान खाली गेली. मंग त्यायनं दुसरे दहा शब्द कागदावर लिहून वाचायले देल्ले अन् कागद झाकला. मी नऊ सांगतले.

"काका, तुमचं डोकं चांगलं आहे. जिनिंगच्या आवाजानं कान गेले तुमचे."

गोळ्या देल्ल्याच नाही. पण बाई स्वतः मले कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, खटपट करून यंत्र बसवून देलं. त्या माउलीचे उपकार मी जलमभर विसरत नाही.

घरी आलो तं बायको दारातूनच ओरडली. म्हटलं, "हळू बोल, आयकू येते मले."

ती मटकन खालीच बसली. म्हणाली, "अन् मी समजे, माझं आयकायचंच नसते तुमाले."