जागा एक, बाजू दोन

...आणि जागा किती? एक! अहो, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची कायमची जागा, एवढ्या सगळ्या कॉलेजांत मिळून, एक! तीही निघाली कशी, तर आधीचे सर निवृत्त व्हायला तयारच नव्हते, निवृत्ती म्हणजे नेमकं काय यावर त्यांचं आणि ऑफिसचं एकमत होईना, शेवटी एकदाचं पटलं त्यांना. बाकीच्या विषयांच्या जाहिराती बघा, रसायनशास्त्र पाच, वाणिज्य सात, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, आम्ही. तेही छापायचं राहिलं नसेल तर.

मी काय करते? तासावर शिकवते. सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग धावतपळत बस, दुपारी दुसऱ्या कॉलेजात एक तास, आणि सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. वर्षानुवर्षं हेच. घरचे कधी टोचून बोलले नाहीत, खोटं कशाला बोलू, पण माझ्या दिराने अगदी प्रेमाने, बरं का, प्रेमाने एका कुरिअर कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. तक्रार विभाग. म्हणे, वहिनी, तुमचं बोलणं छान आहे, तुम्ही लोकांना शांत कराल. मी? शांत? लोक फोन करणार, पार्सल पोचलं नाही, आणि मी विचारणार, पोचणं म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? पण मी हो म्हणून बसले होते. या खेपेला जागा मिळाली नाही तर एक तारखेपासून तक्रार विभाग आणि पुस्तकं माळ्यावर. हसताय काय, माळ्यावर जागाही करून ठेवली होती मी.

तर मुलाखत. कॉरिडॉरमध्ये बाकांवर आम्ही पंधरावीस जण, सगळे एकमेकांना ओळखणारे, कारण प्रत्येक मुलाखतीला तेच तेच चेहरे, लग्नकार्यात नातेवाईक भेटावेत तसे. कुणाचा मुलगा शाळेत जायला लागला, कुणाचे केस गेले, सगळं तिथेच कळतं. इतर विषयांचे उमेदवार शेवटच्या क्षणी टिपणं चाळतात, आमच्यात वाद चाललेला, की रांगेत आधी बसलेल्याला आधी बोलवावं हे न्याय्य आहे का. दारावरच्या मावशी वैतागल्या, म्हणाल्या, न्याय नंतर करा, आधी पाय आत घ्या, मला जायला वाट द्या.

माझ्या शेजारी कोण, तर 'तरीपण'. आम्ही एकाच सरांच्या हाताखाली शिकलो. त्याचं हे नाव आम्हीच पाडलं, कारण तो स्वतःचं वाक्य पुरं झालं की लगेच 'तरीपण' म्हणून त्याच वाक्याला आडवा जातो. हुशार आहे हो, फार हुशार. आणि माणूस सोन्यासारखा. अर्धा बिस्किटपुडा मला दिला, म्हणाला, तुलाच मिळायला हवी ही जागा. तरीपण मलाही हवीय. आता यावर काय बोलायचं? जागा किती? एक!

आत गेले. समोर विभागप्रमुख बाई, करड्या केसांच्या, एकटक बघणाऱ्या. शेजारी प्राचार्य. त्यांच्या पलीकडे बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, डोळे मिटून बसलेले, चिंतन की झोप हे आमच्या विषयात शेवटपर्यंत कळत नाही. पाठ घेतला, शंका आल्या, उत्तरं दिली, सगळं कसं सुरळीत. आणि मग प्राचार्यांनी विचारलं, "बाहेर तुमचे सहाध्यायी बसलेत. त्यांना सोडून आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

सोपा प्रश्न ना? कुणीही शहाणा माणूस काय सांगेल? मी अशी, मी तशी, मी कष्टाळू. पण आमच्या सरांनी आम्हाला घोटून घोटून एक सवय लावलेली. आपली बाजू मांडायच्या आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही अशी की समोरच्याला स्वतःला तशी मांडता आली नसती. लंगडी मांडलीत तर ती लबाडी. मग तिचं खंडन, आणि मग आपलं म्हणणं. मी खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, आधी पूर्वपक्ष बघू.

आणि सुटले ना मी! तरीपणचा तो निबंध, ज्यात त्याने स्वतःचीच जुनी चूक दाखवून दिली. त्याचा वर्ग, तास संपला तरी मुलं उठत नाहीत, कारण सर स्वतःच अजून विचार करत उभे. एकदा एका मुलीने त्याला अडवलं, तर हा दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाला, काल मी चुकलो, हिचं बरोबर होतं. मी सांगतेय, सांगतेय, प्राचार्य पुढे वाकून ऐकतायत, तज्ज्ञांनी डोळे उघडले! म्हटलं, हा झाला पूर्वपक्ष, आता त्याचं खंडन आणि माझी बाजू... आणि मावशींनी घंटी वाजवली. वेळ संपली. बाई म्हणाल्या, धन्यवाद, या तुम्ही.

बाहेर येऊन भिंतीला टेकले. माझ्यामागून तरीपण गेला, आणि थोड्या वेळाने बाहेर आला तो पांढराफटक. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तुझा पूर्वपक्ष मांडत होतो. घंटी झाली."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या धंद्यात एकच प्रश्न, वर जातेय की नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तू त्याची शिफारस करून आलीस? मी म्हटलं, नाही, पूर्वपक्ष. तो म्हणाला, बरं, आणि पाणी आणून दिलं. त्या 'बरं'मध्ये एवढी माया होती की मला रडूच आलं.

आणि आठवड्याने फोन! विभागप्रमुख बाई स्वतः. म्हणाल्या, निवड झाली. तरीपणची. का, तर तुम्ही दोघांनी एकमेकांची बाजू मांडलीत, पण त्यांच्या मांडणीत दर वाक्याला तरीपण आलं, तुमची मात्र बिनतोड होती, आम्हाला ते पटले. म्हणजे कळलं का तुम्हाला? मी जास्त चांगली म्हणून तो लागला!

मी फोन ठेवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, थांबा. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय, माझी जागा निघेल. तोवर वर्षभर हंगामी म्हणून या. प्राचार्यांशी भांडून मंजुरी आणलीय मी, आम्हाला दुसऱ्याचं म्हणणं इतकं नीट समजून घेणारं माणूस वर्गात हवंय. मी जिन्यात बसले, अक्षरशः पायरीवर, आणि हो म्हटलं. पूर्वपक्ष न मांडता हो म्हटलं! दिराला सांगितलं, भावजी, तक्रार विभाग राहू द्या. तो बिचारा पेढे... नाही, आइस्क्रीम घेऊन आला. पुस्तकं माळ्यावर गेली नाहीत. मी खूश आहे हो, मनापासून खूश आहे.

फक्त एक झालंय. पुढच्या वर्षीची जागा किती? एक. निवड समितीत विभागातलं माणूस लागतं. बाई गेल्यावर विभागात कायमचं कोण? तरीपण. काल त्याचा फोन आला, आनंदाने नुसता फुलला होता, म्हणाला, तू काळजीच करू नकोस, समितीत तुझी बाजू मीच मांडणार. मी म्हटलं, राजा, मांड, पण आधी माझी मांड. तर तो म्हणाला, "आधी तुझी कशी मांडणार?"

आणि काय सांगू तुम्हाला... बरोबर आहे त्याचं.